काळ्या घोड्यापाशी बसायला जागा

मुंबईत नसलेल्या गोष्टींची नावं फार टिकतात. चर्चगेटला गेट नाही, धोबीतलावाला तलाव नाही, आणि आमचे अण्णा ज्याला शेवटपर्यंत 'कोट' म्हणत राहिले त्या फोर्टाला तट नाही. काळा घोडा त्याच यादीतला. ज्या घोड्यावरून हे नाव पडलं, तो १९६५ सालीच तिथून हलला. नाव मात्र टॅक्सीवाल्यांपासून चित्रकारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तसंच राहिलं.

मध्यंतरी माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, काळ्या घोड्याला बघण्यासारखं नक्की काय आहे गं? फोटोंत तर सगळे कॉफीचे कप आणि कपडेच दिसतात." प्रश्न अगदी योग्य होता. आज तो मुंबईतला सगळ्यात झोकदार भाग समजला जातो. नामांकित डिझायनरांची दुकानं, चॉकलेटची दुकानं, काचेआड मांडलेले पाव आणि केक, चित्रांच्या गॅलऱ्या, आणि मेनूकार्ड हातात घेतल्यावर आधी उजवीकडचे आकडे वाचावेसे वाटतील अशी उपाहारगृहं. पण मी गिरगावची. ठाकूरद्वाराहून चालत चालत तिथे जाणारी. माझ्या आठवणीतला काळा घोडा निराळा आहे, आणि त्यामागचा इतिहास त्याहून निराळा. शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे सनावळी येणारच. तेवढं सांभाळून घ्या, मंडळी.

आधी जागा डोळ्यासमोर आणू. हुतात्मा चौकातून महात्मा गांधी रस्त्याने रिगलच्या दिशेने निघालात की उजव्या हाताला ओळीने जुन्या इमारती लागतात: वॉटसनचं हॉटेल, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, डेव्हिड ससून लायब्ररी, एल्फिन्स्टन कॉलेज. डाव्या हाताला रस्ता रुंदावतो. तिथेच घोडा होता. कोपऱ्यावर ऱ्हिदम हाऊस, आत वळणारा रॅम्पार्ट रो, पुढे जहांगीर आर्ट गॅलरी आणि तिच्या पाठीशी म्युझियमचा घुमट. सगळं मिळून पाच-सात मिनिटांची चाल. एवढ्याशा जागेत दीडशे वर्षं कशी मावली, ते बघण्यासारखं आहे.

'रॅम्पार्ट' म्हणजे तट. इथून ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्याची भिंत जात होती. गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या काळात, १८६० च्या दशकात, ती पाडली. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं (१८६१ ते १८६५), तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा नुसता वाहत होता. तट पडल्यामुळे मोकळी झालेली जमीन आणि कापसाचा पैसा, या दोन गोष्टी एकाच वेळी हाताशी आल्या. आज आपण ज्या इमारतींकडे मान वर करून बघतो त्या बऱ्याचशा यातून उभ्या राहिल्या. तटाचं नाव मात्र रस्त्याला चिकटून राहिलं. आता पाटीवर के. दुबाश मार्ग आहे, पण जुनी माणसं अजून रॅम्पार्ट रोच म्हणतात. जवळच्या रोप वॉक लेनचंही तसंच. तिथे जहाजांसाठी लांबच लांब दोर वळले जात, म्हणून ते नाव.

त्या काळातला इथला थाट बघायचा तर वॉटसनच्या हॉटेलापासून सुरुवात करावी. जॉन वॉटसन हा मूळचा कापडवाला. त्याने हॉटेलासाठी ओतीव लोखंडाचा अख्खा सांगाडा इंग्लंडमध्ये बनवून घेतला आणि जहाजातून मुंबईला आणून इथे जोडला. १८७१ च्या सुमाराला हॉटेल सुरू झालं ते साहेब लोकांसाठी. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी इथे 'हलती चित्रं' दाखवली. हिंदुस्थानातला सिनेमाचा तो पहिला खेळ. तिकीट एक रुपया, म्हणजे त्या काळच्या मानाने चांगलंच महाग. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि आपल्या लोकांनाही ते बघायला मिळाले. बघणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते, सावेदादा म्हणून ओळखले जायचे ते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचं चित्रण केलं. दादासाहेब फाळक्यांच्या बरीच वर्षं आधी एका मराठी माणसाने कॅमेऱ्याचं हँडल फिरवलं होतं, हे मी मुलांना दरवर्षी सांगायची. दरवर्षी त्यांना ते नवीन वाटायचं.

वॉटसनच्या शेजारी १८९० च्या दशकात आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या मडमांना लागणारा विलायती माल तिथे मिळे. तेव्हा झोकदार दुकानं ही काळ्या घोड्याची आजची नवलाई समजू नका. हा भाग जन्मालाच आला तो खिशात पैसे खुळखुळणाऱ्यांसाठी. मला पडणारा प्रश्न दुसरा आहे. ज्यांच्या खिशात फारसं काही नव्हतं, ते इथे कधी आणि कसे बसायला लागले? 'बसायला' हा शब्द मी मुद्दाम वापरते. बघायला येणं वेगळं आणि बसायला मिळणं वेगळं. रस्त्यावरून चालत काच न्याहाळायला कोणी अडवत नाही. पण खुर्ची मिळाली, दोन तास कोणी उठवलं नाही, की माणूस वाचतो, बोलतो, भांडतो, लिहितो. मोहल्ल्याला 'सांस्कृतिक' म्हणण्याजोगं जे काही असतं ते या बसण्यातून येतं, असं माझं आपलं मत.

अशी पहिली खुर्ची ठेवली ती डेव्हिड ससून लायब्ररीने. तिची सुरुवात १८४७ सालची, आणि करणारे कोण? सरकारी टांकसाळ आणि गोदीतले तरुण कारागीर आणि फोरमन. यंत्रांचे नमुने, नकाशे आणि पुस्तकं एका जागी असावीत, दिवसभराच्या कामानंतर काही शिकता यावं, म्हणून त्यांनी एक संस्था काढली. पुढे डेव्हिड ससून यांनी इमारतीसाठी साठ हजार रुपये दिले आणि 'ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' या नावाने ती ओळखली जाऊ लागली. १८७० मध्ये मालाडच्या पिवळसर दगडाची आजची इमारत पुरी झाली. ससून हे बगदादहून आलेले यहुदी व्यापारी. त्यांच्या घराण्याचा पैसा कापसाचा होता तसा चीनला जाणाऱ्या अफूचाही होता. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. त्याच पैशातून या शहरात रुग्णालयं, शाळा, गोदी आणि हे ग्रंथालय झालं. इतिहास असाच असतो, एका वहीत जमा आणि खर्च दोन्ही.

या लायब्ररीचा वरचा व्हरांडा ज्याने बघितला नाही त्याने मुंबई अर्धीच बघितली. लांब हातांच्या आरामखुर्च्या ओळीने मांडलेल्या. त्यांत वकील, निवृत्त कारकून, परीक्षेचे विद्यार्थी. कोणी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेला. खाली रस्त्यावर गाड्यांचा कल्लोळ आणि वर पंख्याची कुरकुर. आमचे अण्णा कोटातल्या एका पेढीत कारकून होते. पगार बेताचा, घरात आम्ही सात जण, दीड खोलीचं बिऱ्हाड. कचेरी सुटल्यावर ते इथे तासभर बसून मग घरी येत. आई म्हणायची, "लायब्ररीत जातात की झोपायला जातात, देव जाणे." आज वाटतं, सात माणसांच्या दीड खोलीत राहणाऱ्या माणसाला दिवसातला एक तास स्वतःची खुर्ची मिळणं, ही केवढी चैन होती!

आता घोडा. इंग्लंडचा युवराज (पुढचा सातवा एडवर्ड) १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून डेव्हिड ससून यांचे चिरंजीव सर अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम. १८७९ साली तो इथे बसवला. काशाचा पुतळा काळपट दिसे. लोकांनी युवराजाला वगळलं आणि घोडा तेवढा ठेवला! राजाचं नाव द्यायचं सोडून जनावराच्या रंगावरून चौकाचं नाव पाडणं, यात मला मुंबईकरांचा खोडकरपणा दिसतो. स्वातंत्र्यानंतर साहेबांचे पुतळे हलवले गेले, त्यात १९६५ मध्ये हाही निघाला. आता तो भायखळ्याला, राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्या वर्षी मी पंधराची होते. पुतळा गेल्यावर पहिल्यांदा तिथून जाताना अण्णा नुसते थांबले आणि म्हणाले, "आता लोकांना पत्ता कसा सांगायचा?" पत्ता तोच राहिला. गाड्या उभ्या करायच्या त्या मोकळ्या जागेला लोक काळा घोडाच म्हणत राहिले.

लायब्ररीला लागून एल्फिन्स्टन कॉलेज. १८८० च्या दशकाच्या अखेरीला कॉलेज या इमारतीत आलं. इथे १९०८ साली एक विद्यार्थी दाखल झाला: भीमराव रामजी आंबेडकर. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून वेगळं बसावं लागे, तो मुलगा या कमानींखालून वर्गात जाऊ लागला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती होती. १९१२ साली ते बी.ए. झाले. पण वर्गात बाक मिळाला म्हणून सगळं मिळालं असं नाही. कॉलेजातला उपाहारगृहवाला त्यांना चहा-पाणी देत नसे, असं धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलं आहे.

याच्या पुढची गोष्ट रस्त्याच्या पलीकडची. रॅम्पार्ट रोवर 'वेसाइड इन' नावाचं एक साधंसं उपाहारगृह होतं. चौकटीचे टेबलक्लॉथ, लाकडी खुर्च्या, इंग्रजी धाटणीचं खाणं. डॉ. आंबेडकर तिथे येऊन बसत, काम करत, राज्यघटनेच्या मसुद्याचंही काही काम त्यांनी तिथल्या टेबलावर केलं, असं त्या भागातले जुने लोक सांगत आले आहेत. कॉलेजात चहाचा कप ज्याला नाकारला गेला, तो त्याच चौकात, शंभर-दोनशे पावलांवर, टेबलापाशी बसून देशाच्या कायद्याचा विचार करतो आहे, हे चित्र मी वर्गात फळ्यापाशी उभी राहून सांगायची तेव्हा मागच्या बाकावरची गडबडसुद्धा थांबायची. माझ्या मते काळ्या घोड्याच्या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना, आणि तिचं स्मारक कुठेच नाही.

म्युझियमची गोष्ट थोडक्यात सांगते. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तेव्हाच्या युवराजाने (पुढचा पाचवा जॉर्ज) कोनशिला बसवली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिचं लष्करी इस्पितळ केलं. लोकांसाठी दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणाचा. आत मात्र नाशिकच्या एका वाड्याचं लाकडी काम बसवलं आहे, ते जरूर शोधा. १९९८ पासून याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आमच्या शाळेची सहल इथे ठरलेली. मुलं ममीपाशी गर्दी करत, आणि मग बागेत बसून पोळीचे लाडू आणि बटाट्याची भाजी. चाळीतल्या मुलांना हिरवळीवर पाय पसरून बसायला मिळे. परत निघताना "बाई, अजून पाच मिनिटं" हे प्रत्येक वर्षीचं.

म्युझियमच्याच आवारातल्या जागेवर १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी झाली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसे दिले. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी हा विषय लावून धरला होता. त्याआधी तरुण चित्रकारांना चित्रं टांगायला धड भिंत नव्हती. १९४७ साली 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' जमला, त्यातली माणसं बघा. सिनेमाचे फलक रंगवणारे हुसेन, मोटारी धुण्यापासून आणि घरकामापासून सुरुवात केलेले आरा, गोव्याच्या साळगावचे सूझा, आपल्या विदर्भातले ह. अं. गाडे, शिवाय रझा आणि शिल्पकार सदानंद बाकरे. त्यांचं १९४९ सालचं प्रदर्शन याच रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरलं. आज त्यांच्या चित्रांच्या किमती ऐकून घेरी येते, पण तेव्हा चहाचे पैसे कोण देणार हा प्रश्न असायचा. जहांगीरची सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, तर आत जायला तिकीट नाही. चपला कुठल्या, कपडे कुठले, कोणी विचारत नाही. मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण चाळीस-पन्नास वर्षं फुकटात बघत राहिल्यामुळे थोडी नजर बसली, एवढं खरं.

आणि गॅलरीच्या कडेच्या चिंचोळ्या व्हरांड्यात 'समोवार'! उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये ते सुरू केलं. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट जागा, एका बाजूला म्युझियमची बाग. पगाराच्या दिवशी आम्ही तिघी शिक्षिका शाळा सुटल्यावर जायचो. एक पराठा तिघींत, आणि चहा मात्र प्रत्येकीचा स्वतंत्र. शेजारच्या टेबलावर एखादा दाढीवाला कागदावर काहीतरी रेघोट्या मारत बसलेला असे. कोणी बिल पुढे सरकवत नसे. आमच्यातल्या एकीने लग्न मोडायचा निर्णय तिथे घेतला, एकीने एम.ए. करायचा. मी काहीच निर्णय घेतला नाही, फक्त पराठा खाल्ला. असो!

कोपऱ्यावरचं ऱ्हिदम हाऊस १९४० च्या दशकापासूनचं. तिथे छोट्या खोल्या असत. आत शिरून, दार लावून, आवडलेली रेकॉर्ड विकत घेण्याआधी ऐकता येई. मी आणि माझा धाकटा भाऊ कुमारांची एकच रेकॉर्ड तीन शनिवार ऐकून आलो आणि चौथ्या शनिवारी पैसे साठवून घेतली. आमच्या घरी तेव्हा ग्रामोफोन नव्हता, शेजाऱ्यांकडे होता. त्यामुळे अख्ख्या मजल्याने कुमार ऐकले.

रॅम्पार्ट रोवरच 'चेतना'. थाळीसाठी प्रसिद्ध, पण सोबत पुस्तकांचं दुकानही. चेतनाच्या सुधाकर दीक्षितांनी १९७३ साली 'आय अ‍ॅम दॅट' हे पुस्तक प्रकाशित केलं. मूळ बोलणं मराठी, आमच्या गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचं, आणि इंग्रजी केलं मॉरिस फ्रीडमन यांनी. खेतवाडीच्या माळ्यावरच्या गप्पा काळ्या घोड्यावरून जगभर गेल्या. गोऱ्या माणसांना पत्ता विचारत खेतवाडीत शिरताना आम्ही बघायचो आणि कारण कळायचं नाही. ते कारण इथे छापलं जात होतं.

वेसाइड इनमध्ये पुढे एक कवी येऊन बसू लागले: अरुण कोलटकर. कोल्हापूरचे, जे. जे.त शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यात नाव मिळवलेले, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहिणारे. गुरुवारी दुपारी त्यांचं टेबल ठरलेलं, मित्रमंडळी तिथेच भेटायची. खिडकीतून त्यांना चौक दिसायचा. झाडूवाल्या, भटकी कुत्री, फूटपाथवर संसार मांडलेली माणसं, सकाळी इडल्या विकणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारी भुकेली गर्दी. त्यांचं 'काला घोडा पोएम्स' हे इंग्रजी पुस्तक २००४ साली आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. मराठीतल्या 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या मागे मिळाला. त्या कवितांमधली माणसं दुकानांत जाणारी नाहीत. ती रस्त्यावर बसणारी आहेत. सगळे जे ओलांडून पुढे जातात ते त्यांनी वर्षानुवर्षं एका खुर्चीत बसून बघितलं. ती खुर्ची नसती तर ते पुस्तकही झालं नसतं, असं मला खात्रीने वाटतं.

आणि मग एकेक खुर्ची उचलली जाऊ लागली. वेसाइड इन कोलटकरांच्या हयातीतच बंद झालं. समोवार मार्च २०१५ च्या अखेरीला बंद झालं, ती जागा गॅलरीकडे परत गेली. ऱ्हिदम हाऊसने २०१६ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी दार लावलं. गाणी फोनमध्ये फुकट आल्यावर खोलीत शिरून रेकॉर्ड कोण ऐकणार? वॉटसनच्या हॉटेलाची पुढे एस्प्लनेड मॅन्शन झाली, वकिलांच्या कचेऱ्यांनी भरून गेली, आणि २०१९ मध्ये इमारत धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसती रडगाणं गाणारी म्हातारी ठरेन. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, आणि १९९९ पासून कला महोत्सव भरू लागला. महोत्सवाच्या दिवसांत रॅम्पार्ट रोवर गाड्या बंद होतात आणि माणसंच माणसं होतात. त्याला प्रवेश फुकट आहे, हे मी मुद्दाम अधोरेखित करते. जुन्या इमारतींची निगा राखायला हवी हा विचार रुजला. निळ्या रंगामुळे सगळ्यांना ठाऊक असलेलं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा खुलं झालं. ससून लायब्ररीचाही जीर्णोद्धार झाला. २०१८ मध्ये युनेस्कोने इथल्या व्हिक्टोरियन इमारती जागतिक वारसा यादीत घेतल्या. जानेवारी २०१७ मध्ये तर घोडाही आला! श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, नवा. पाठीवर राजा नाही, लगाम धरणारं कोणी नाही. लोकांनी १८७९ पासून मनातल्या मनात जे केलं होतं ते शिल्पकाराने प्रत्यक्षात केलं, असं म्हणायचं.

दुकानांतून पैसा येतो, पैशातून दगड धुतले जातात, छतं गळायची थांबतात. ससूनच्या काळातही हेच झालं होतं. त्यामुळे झोकदार दुकानांवर माझा राग नाही. मागच्या वर्षी मी आणि माझी नणंद तिथल्या एका नव्या उपाहारगृहात (नाव कशाला घेऊ) दोन कॉफ्या घेऊन बसलो. कॉफी उत्तम होती. अर्ध्या तासाने मुलगा अदबीने विचारून गेला, "आणखी काही घेणार का?" दहा मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा त्याने विचारायच्या आत आम्ही उठलो. त्या मुलाची काही चूक नाही, जागेचं भाडंच तसं असणार. पण मनात आलं, असं दर दहा मिनिटांनी कोणी विचारलं असतं तर कोलटकरांच्या कवितेचं काय झालं असतं? आणि त्याच्या आधीच्या त्या टेबलाचं?

आजही कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी, विरारहून किंवा टिटवाळ्याहून, लहान घरातून, वही घेऊन इथे येतच असेल. त्याला बसायला काय उरलं आहे याचा मी हिशोब मांडला. लायब्ररीचा व्हरांडा आहे, सभासद झालं की झालं. जहांगीरच्या पायऱ्या आहेत, तिकीट अजून नाही. बाहेर फूटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, त्यांच्याशी गप्पा मारायला पैसे पडत नाहीत. एल्फिन्स्टनच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, अभ्यास करणाऱ्याला तिथे मेज आणि मोडीतले कागद दोन्ही मिळतात. म्हणजे हिशोब अगदीच तोट्यात नाही. फक्त जे उरलं आहे ते सगळं जुन्या लोकांनी करून ठेवलेलं आहे. आपल्या पिढीने तिथे एकही नवी खुर्ची ठेवलेली मला दिसली नाही, आणि ही गोष्ट मला टोचते.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक सोयीचं आहे. सोमवारी जाऊ नका, कारण कावसजी जहांगीर हॉलमधलं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. सकाळी म्युझियम, दुपारी जहांगीर, मग बाहेर तिखटमीठ लावलेला पेरू. खिसा परवानगी देत असेल तर एखाद्या झोकदार दुकानात केक खा, अगदी मजेत खा. पण संध्याकाळचा एक तास राखून ठेवा आणि कुठेतरी नुसते बसा, फोन पिशवीत ठेवून. आणि तुमच्या गावात, तुमच्या पेठेत अशी फुकट किंवा स्वस्तात बसायची जागा अजून शिल्लक असेल, एखादं वाचनालय, पार, इराण्याचं हॉटेल, तर या आठवड्यात तिथे जाऊन या. वाचनालयाची वर्गणी थकली असेल तर भरून टाका.